टॉरसच्या खिंडी भिंतीवर आणणारं प्रिंटिंगचं दुकान

मोठा नकाशा छापून घ्यायचा असेल, तर अशोक स्तंभाजवळच्या गल्लीतलं हे छोटं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान मी मनापासून सुचवेन. आमच्या इतिहास अभ्यासवर्गासाठी मी तिथे चार बाय तीन फुटी नकाशा करून घेतला: आठव्या ते दहाव्या शतकातली, आजच्या तुर्कस्तानातली अरब-बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची) सरहद्द. फाइल माझी, नावं सगळी मराठीत.

या विषयात डोंगर कळला नाही तर काहीच कळत नाही. टॉरस पर्वत ओलांडायला वाटा मोजक्याच. त्यातली सिलिशियन गेट्स ही खिंड म्हणजे तिथला कसारा घाट! डोंगराच्या दक्षिणेच्या टार्सस शहरातली अरब फौज त्या खिंडीतून अनातोलियात, म्हणजे बायझंटाइन मुलखात, उतरायची. स्वाऱ्यांचा हंगामही बांधलेला. दहाव्या शतकातला अरबी लेखक कुदामा इब्न जाफर याने लिहून ठेवलंय: वसंतातली स्वारी १० मेपासून ३० दिवस, कारण घोडी तोवर चरून धष्टपुष्ट झालेली असतात, उन्हाळी स्वारी १० जुलैपासून ६० दिवस. आणि लूट घेऊन जडावलेली फौज परतताना बायझंटाइन सैन्य तिला खिंडीतच गाठायला टपलेलं असे.

ऑपरेटर मुलाने प्रूफ बघताच विचारलं, "काकू, लाल बाण या फटीतूनच जातो ना? मग डोंगराचा तपकिरी फिका करतो, बाण उठून दिसेल." केवढा फरक पडला! ८३८ सालची, अमोरियम या बायझंटाइन शहरावरची अरब मोहीम आता मागच्या बाकावरूनही वाचता येते. खलिफाचा सेनापती अफशीन याची फौज पूर्वेकडून हदथच्या खिंडीने, खलिफा मुतासिमची सिलिशियन गेट्समधून, दोन्ही अंकाऱ्याला एकत्र आणि तिथून अमोरियमवर. सरहद्दीवरच्या लूलोन किल्ल्यापासून बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत अरब स्वारीच्या इशाऱ्यासाठी डोंगरमाथ्यांवर जाळ पेटवत, ती ठिकाणंही नारिंगी ठिपक्यांत ठसठशीत उमटली आहेत. जोडाक्षर एकही तुटलेलं नाही. मराठी छपाईत हे किती दुर्मीळ आहे, ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत.

तक्रार एकच. न विचारता ग्लॉसी लॅमिनेशन केलं, त्यामुळे ट्यूबलाइटखाली काळा समुद्र नुसता चकाकतो. मॅट हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. दर वाजवी आहेत, काम सांगितलेल्या वेळी मिळतं. लग्नसराईत मात्र बॅनरवाल्यांची झुंबड असते, तेव्हा सकाळी दुकान उघडताच जा.

पुढचा नकाशा ९६५ सालचा, बायझंटाइन सम्राट नायकेफोरोस फोकसने टार्सस जिंकल्यानंतरच्या सरहद्दीचा. तोही इथेच देणार आहे.