टकळी की चरखा? आधी गॅसवर काय ठेवलंय ते सांगा

घरी बसून सूत कातायचं मनावर घेतलंय आणि स्वयंपाकपण हौसेनं स्वतःच करायचाय, तर पहिला प्रश्न हाच पडतो, टकळी घ्यावी की चरखा. (टकळी म्हणजे हातानं फिरकी द्यायची चकतीवाली काठी. चरखा म्हणजे इथे मी पायानं चालवायचा बॉबिनवाला म्हणतोय, मांडी घालून हातानं फिरवायच्या चरख्याचा हिशोब वेगळा.) माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्हीवर भरपूर सूत तोडून झालंय, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

सगळे तुलना करतात ती वेगाची. त्यात चरखा जिंकतो, विषय संपला. टकळीवर कातायचं, थांबायचं, कातलेलं गुंडाळायचं, परत फिरकी द्यायची, आणि चरख्यात पीळ बसणं नि बॉबिनवर गुंडाळलं जाणं दोन्ही एकदमच होतं. अख्ख्या स्वेटरपुरती लोकर हवी असेल तर चरखाच बरा, टकळीवर ते काम संपता संपत नाही.

पण मला विचाराल तर स्वयंपाक करणाऱ्यानं वेगापेक्षा दुसरंच काहीतरी बघावं, ते म्हणजे हे यंत्र तुम्हाला थांबवतं का. टकळीला फिरकी दिली की सूत लांबत जातं आणि ती खाली खाली जाते, उभं राहून कातत असाल तर मीटर-सव्वा मीटर सूत झालं की जमीन आलीच, थांबावंच लागतं. हा सक्तीचा थांबा मला आधी फार छळायचा, आता तोच आवडतो, कारण सूत गुंडाळता गुंडाळता मान वळवून भांड्यात बघता येतं, उतू चाललंय का, पाणी आटलंय का, आणि वाटलं तर सूत हुकात अडकवून टकळी ठेवायची नि ढवळून यायचं. चरख्याला असा थांबाच नाही. पाय चालू, हात चालू, डोकं कुठेतरी भलतीकडेच. पहिल्याच महिन्यात मी कडधान्य मंद आचेवर ठेवून "पाच मिनिटं" चरख्यावर बसलो आणि उठलो ते थेट जळका वास आल्यावर, तळाशी इतका जाड काळा थर की ते पातेलं दोन दिवस भिजत पडलं होतं. चूक चरख्याची नाही म्हणा, टायमर लावला नव्हता. पण टकळीवर मला टायमर लागलाच नाही कधी.

म्हणून आधी तुम्ही कसा स्वयंपाक करता ते बघा. कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा म्हणजे पाऊण तास दर दोन-तीन मिनिटांनी हलवायला लागतंच, तिथे चरख्याचं नाव काढू नका, आणि तळण चालू असेल तर टकळीपण नको, तेल तापत असताना लक्ष तेलावरच पाहिजे. उलट यीस्ट घालून मळलेलं पीठ फुगायला ठेवलं की तास-दीड तास तुमचा, कुणी हाक मारत नाही. तिथे चरखा सुख देतो, आणि मळून मळून पाय-खांदे भरून आलेले असतात तेव्हा खुर्चीत बसून कातणं हा आरामच असतो, उभ्यानं टकळी धरली की तोच खांदा परत दुखतो. हे टकळीप्रेमी सांगत नाहीत, मी सांगतो.

आता काय कातणार त्याचाही विचार करा. लोकरीचा तंतू लांब, बऱ्याचदा सात-आठ सेंटीमीटर किंवा जास्तच, त्यामुळे शिकणाऱ्याच्या चुका ती पोटात घालते, तीस-चाळीस ग्रॅमची लोंबती टकळी आरामात चालते. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, पीळ कमी पडला की सुटलाच, तिथे जड टकळी लोंबती सोडली की पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) हातात आणि टकळी फरशीवर. कापसाला हलकी टकळी लागते, टोक वाटीत टेकवून फिरवायची, म्हणजे बसणं आलं, म्हणजे उठून ढवळून यायची सोय निम्मी गेली. चरख्यावर कापूस कातायचा तर चाक एकदा फिरलं की बॉबिनचे फेरे भरपूर व्हायला हवेत, लोकरीसाठी घेतलेला साधा चरखा तिथे दमवतो. नवीन असाल तर सरळ लोकरीनं सुरू करा, कापूस नंतर.

हाताचं मात्र दोन्हीकडे सारखंच. पीठ मळून कोरडे पडलेले हात तंतूला अडकतात, तेलकट हातानं पेळू एकसारखा सुटत नाही, लसणाचा वास लोकरीत जाऊन बसतो तो वेगळाच. आणि कापसाचा पुंजका गॅसपासून लांबच ठेवा, भुर्रकन पेट घेतो. लोकर सहज पेटत नाही पण म्हणून ती पिठात पडू द्यायची नसते, भाकरी-ब्रेड जे काय असेल त्यात केस निघाला की सगळी हौस उतरते. टकळी खिशात फिरते त्यामुळे ती ओट्यापर्यंत जातेच, चरखा बिचारा आपल्या कोपऱ्यात राहतो, स्वच्छतेत त्याला एक मार्क जास्त.

दोन पदर एकत्र करायचे तर पीळ उलटा द्यायचा, कातताना घड्याळाच्या दिशेनं दिला असेल तर आता विरुद्ध. हे काम चरख्यावर पटकन उरकतं, टकळीवर कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. नंतर लडी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून वाळवली की ती शांत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तो घालवायचाच नसतो, नुसता बसवायचा असतो. फक्त लोकर असेल तर गरम पाण्यात चोळू नका, नाहीतर तंतू एकमेकांत गुंतून नमदा होतो.

पैसे आणि जागा, यावर काय बोलायचं, काठी आणि जुनी सीडी घेऊन टकळी घरीच बनते, चरख्याला कोपरा लागतो, तेलपाणी लागतं, दोरी सैल झाली की कुरकुरतो. म्हणून पहिली टकळी, दोन-तीन महिने कातून अजून हात शिवशिवत असतील तर चरखा. उलटं केलेले लोक मला माहीत आहेत, त्यांच्या चरख्यावर सध्या टॉवेल वाळतात.

मी स्वतः आठवडाभर टकळीवरच असतो, तोंडाची आणि हातातली दोन्ही. चरख्यावर बसतो ते पीठ फुगायला ठेवल्यावर, आणि बसायच्या आधी गॅसचं बटण दोनदा बघून येतो.