प्लम केक एक नंबर, पण ते 'मेरी एक्समस' तेवढं काढा

केकला पाचपैकी साडेचार, पॅकिंगला दोन. दोनच का, ते जरा लांबलचक आहे, वेळ नसेल तर नुसतं केकचं वाचा आणि पुढे चला.

तर केक. एक किलोचा रिच प्लम मागवला होता, सोबत कलकल आणि नेवऱ्यांचा (आमच्या नाताळच्या फराळाचा) छोटा बॉक्स. केकचा काळपट रंग जाळलेल्या साखरेचाच आहे, कोको घालून आणलेला नाही, पहिल्याच घासाला कळतं कारण शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा राहतो आणि तो राहायलाच हवा. काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल, काजू सगळं रममध्ये नीट मुरलेलं, टूटीफ्रूटी अगदी नावाला (हल्ली निम्म्या बेकऱ्या टूटीफ्रूटीवरच भागवतात आणि वर त्याला रिच म्हणतात). सुरी घातली तर भुगा पडत नाही, दुसऱ्या दिवशी तर अजून भारी लागला. जायफळ थोडं जास्त झालंय, अर्धा मार्क त्याचा कापला. कलकल कुरकुरीत, नेवऱ्यांचं सारण मात्र कोरडं होतं, घशाशी अडकत होतं.

आता पॅकिंग. बॉक्सवर सोनेरी अक्षरात 'मेरी एक्समस' (Xmas, म्हणजे ख्रिसमसमधला ख्रिस्त काढून तिथे एक्स घातलेलं आखूड स्पेलिंग), केकवर खोचलेला प्लास्टिकचा टॉपर 'एक्समस'चा, आत थँक्यू कार्ड, त्यावरही तेच. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यात मोठी मावशी आलेली घरी. तिने चष्मा लावून बॉक्स वाचला आणि म्हणाली, "देवाच्या नावावर फुली मारलीय की गं ह्यांनी." टॉपर उपटून सरळ कचऱ्यात. केक मात्र दोनदा मागून खाल्ला, ते सोडा.

ज्यांना वाटतंय एवढं काय त्यात, त्यांनी असा विचार करा, शाळेत चुकलेल्या गणितावर बाई काय मारायच्या? फुली. बीजगणितात ज्याचा पत्ता नाही तो कोण? एक्स. आणि इथे ज्याचा जन्मदिवस आहे नेमकं त्याचंच नाव उडवून तिथे एक्स बसवलाय, मग श्रद्धेने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या माणसाला ते खुपणारच ना. हे फक्त मावशीचंच नाही हां, अमेरिकेत तर यावर चक्क राजकारण झालंय. न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर मेलड्रिम थॉमसन यांनी 1977 च्या डिसेंबरमध्ये पत्रक काढून पत्रकारांना सांगितलं होतं की एक्समस लिहू नका, हे पेगन, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांचं, स्पेलिंग आहे. 2005 मध्ये धर्मप्रचारक फ्रँकलिन ग्रॅहम, म्हणजे प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांचे चिरंजीव, यांनी तर एक्समस म्हणणं हे येशूच्या नावाविरुद्धचं युद्धच ठरवलं. 'ख्रिस्ताला ख्रिसमसमध्ये राहू द्या' अशी घोषणा गाड्यांवर चिकटवून लोक फिरतात तिकडे.

आणि गंमत म्हणजे इतिहास काढला तर मावशी आणि गव्हर्नर दोघंही आऊट. तो एक्स इंग्रजी एक्सच नाही, ते ग्रीक अक्षर आहे, त्याचं नाव काय? 'काय'च. खरंच, इंग्रजीत त्याला 'काय' म्हणतात, मी मस्करी करत नाहीये. ग्रीकमध्ये ख्रिस्तोस लिहिताना पहिलं अक्षर हेच, त्यापुढचं 'रो', ते दिसतं इंग्रजी पी सारखं. ही दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेली खूण रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळापासून चालत आलीय आणि आमच्याकडे मिस्साला फादर जो झगा घालतात त्यावरही कितीतरी वेळा भरतकामात असते, मावशीने ती आयुष्यभर बघितलीय. इंग्लंडात तर हजारेक वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांतही ख्रिस्ताचं नाव असं ग्रीक अक्षरांनी आखडून लिहिलेलं सापडतं. चामड्याची पानं महाग, लिहायचं हाताने, मग देवाचं नावसुद्धा छोटं करायचे, आणि त्यात अपमान सोडाच, उलट मान होता.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मग ते ग्रीकांना सांग. केक अथेन्सला पाठवलाय का?"

आणि तिचं पटतंच. पोथी लिहिणारा एक्स लिहायचा पण त्याच्या मनात ख्रिस्तच असायचा. आज बॉक्स छापणाऱ्याला त्यातलं काही माहीत नाही, वाचणाराही एक्समस असंच वाचतो. शिवाय हे स्पेलिंग आपण बघतो कुठे? एक्समस सेल, एक्समस ऑफर, एकावर एक फ्री. नाताळ या शब्दात तरी कुठे आलाय ख्रिस्त, पोर्तुगीज नाताल म्हणजे जन्म, बस. पण त्यावर वसईत कधी कोणी नाक मुरडलेलं मी तरी ऐकलं नाही, कारण तो शब्द आजीच्या तोंडचा आहे, दुकानाच्या पाटीवरून घरात आलेला नाही. त्यामुळे व्याकरण काहीही म्हणो, राग येतो तो त्या घाईचा येतो, असं माझं मत.

बेकरीला फोन केला होता. ताई चांगल्या बोलल्या, वाद घातला नाही. म्हणाल्या टॉपर होलसेलमध्ये तयार येतात आणि लोफ केक अरुंद असतो, पूर्ण नाव त्यावर बसत नाही. म्हणजे परत तेच, जागा वाचवायची! पण ताई, बॉक्सवर तर वीतभर जागा रिकामी आहे, तिथे बेकरीचा फोन नंबर दोनदा छापलाय. बॉक्सवर सरळ 'नाताळच्या शुभेच्छा' छापा, केकवर 'हॅपी फीस्ट' टाका, आम्ही एकमेकांना तसंही तेच म्हणतो, आणि ते लोफवर आरामात बसतं. नाहीतर टॉपरच नको, नुसती चांदणी लावा, तिच्यावर कोणाचं काही म्हणणं नसतं.

पुढच्या वर्षी केक इथूनच घेणार, कारण या भावात एवढा मुरलेला प्लम आमच्या बाजूला दुसरीकडे मिळत नाही. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी बिनरमचा आधीच सांगून ठेवा, तो ऑर्डरशिवाय बनवत नाहीत. नेवऱ्या नका घेऊ.