लेकीच्या गोळ्या आणि माझा जनुक: जनुकीय समुपदेशनाचा अनुभव

आधी तारे सांगते: पाचपैकी चार. एक कापलाय तो फॉर्मपायी, पण ते नंतर.

मला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा मी ४४ची होते. पुढे केलेल्या तपासणीत बीआरसीए १ या जनुकात दोष निघाला. लेक आता २३ची आहे. पाळीचे पहिले दोन दिवस ती अंथरुणातून उठत नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या (गर्भनिरोधक म्हणून घेतात त्याच) लिहायला घेतल्या, माझ्या कॅन्सरचं आणि जनुकाचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "आधी जनुकीय समुपदेशन करून या, मग बघू." तर ते करून आलो.

मी नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत. कुणी टक्के सांगितले की माझा प्रश्न ठरलेला असतो: कशाचे? इथे तो विचारावाच लागला नाही. समुपदेशक मॅडमनी २०१७चा डेन्मार्कचा अभ्यास सांगितला. सुमारे १८ लाख बायकांची नोंद तपासली होती, आणि हार्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण साधारण २० टक्के जास्त दिसलं. लेकीचा चेहरा उतरला. मॅडमनी लगेच पुढचा आकडा दिला: ७,६९० बायकांनी वर्षभर वापरलं, तर एक जास्तीची केस. मूळ आकडाच लहान, त्याचे २० टक्के ते किती असणार! बातम्यांमध्ये पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पण हा हिशेब सर्वसाधारण बायकांचा, हेही त्यांनी लगेच बजावलं. बीआरसीए १चा दोष असलेल्या १०० जणींपैकी वयाच्या ८०पर्यंत साधारण ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. अशा बायकांमध्ये गोळ्यांनी स्तनाचा धोका आणखी वाढतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. अंडाशयाबाबत मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे: गोळ्या घेतलेल्यांत तो कॅन्सर जवळपास निम्म्याने कमी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था याच गोळ्यांना, म्हणजे दोन हार्मोन एकत्र असलेल्या संयुक्त गोळ्यांना, कॅन्सरकारक म्हणते आणि गर्भाशयाचं अस्तर व अंडाशय यांचं त्या रक्षण करतात, हेही नोंदवते. एकच गोळी, जमेलाही आणि नावेही. असं खातं मला कुणी दिलं असतं तर मी आधी पावत्या मागवल्या असत्या.

मग मी माझा प्रश्न काढला. लेकीच्या आधी मी बरीच वर्षं गोळ्या घेतल्या होत्या. त्यातून हे तिच्याकडे गेलं का? मॅडम हसल्या नाहीत, "असं काही नसतं हो" म्हणून उडवूनही लावलं नाही. जनुकातला दोष मी जन्माला येतानाच घेऊन आले होते. गोळ्यांनी तो तयार होत नाही आणि पुढच्या पिढीत जातही नाही. लेकीकडे तो असण्याची शक्यता निम्मी, मी गोळ्या घेतल्या असत्या काय, नसत्या काय. हा गोंधळ कुठून येतो तेही त्यांनी सांगितलं. गेल्या शतकात गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातल्या हार्मोनची नक्कल) द्यायचे. १९७१ मध्ये त्यांच्या काही मुलींमध्ये योनीमार्गाचा एक दुर्मीळ कॅन्सर दिसून आला. पण ते औषध गर्भ पोटात असताना घेतलेलं होतं. गर्भनिरोधक नव्हतं, आणि तो प्रकार आनुवंशिकतेचाही नव्हता. माझ्या डोक्यातला एवढा जुना दगड निघाला, त्याचाच एक तारा.

त्यानंतर वंशवृक्ष. पुरुष चौकोन, बायका गोल, आजार असेल तर आतून काळं. माझ्या आईकडची सगळी वर्तुळं पांढरीच राहिली. मग मॅडमनी वडिलांच्या बहिणींबद्दल विचारलं. माझी एक आत्या "पोटात गाठ होऊन" गेली, असं घरात बोललं जायचं, एवढंच मला ठाऊक. तो अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्यापर्यंत हे वडिलांकडूनच आलेलं दिसतंय. वडिलांना स्वतःला काही झालं नाही, म्हणून त्या बाजूला आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

आणि आता फॉर्म. आईकडच्या नातेवाइकांसाठी अख्खं पान, वडिलांकडच्यांसाठी दोन ओळी! अशा जागी तरी ही चूक नको. शिवाय नंतर आलेलं पत्र डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिल्यासारखं. समोर बसून इतकं सोपं सांगणाऱ्या बाईंचंच हे पत्र आहे, यावर विश्वास बसेना.

अर्ध्या भेटीनंतर मला बाहेर बसवलं. राग आला, पण बरोबर होतं. लेकीने आत काय विचारलं त्यातलं तिने सांगितलं तेवढंच लिहिते. "मी आत्ताच तपासणी करायलाच हवी का?" उत्तर: सक्ती नाही. दोष असेल तर साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुरू करतात, अंडाशय काढण्याचा विषय ३५ ते ४०च्या दरम्यान येतो, त्यामुळे विचाराला वेळ आहे. दोष नसेल तर माझ्या जनुकाचा तिच्या गोळ्यांशी संबंध उरत नाही. असेल तर ब्रिटनची नियमावली संयुक्त गोळ्या शक्यतो टाळा म्हणते, तांब्याच्या तांबीला मात्र आडकाठी नाही. पण तांबीने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते, आणि लेकीचं मूळ दुखणं तेच. हार्मोनवाली तांबी रक्तस्राव कमी करते, पण डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात तिच्यासोबतही धोका थोडा वाढलेला दिसला होता. थोडक्यात, सरळ उत्तर मिळेल म्हणून जाऊ नका.

लेकीने तपासणी केली की नाही, हे इथे लिहिणार नाही. तो तिचा प्रश्न. गोळ्यांचा शेवटचा निर्णय पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जातो. दोघांनी एकदा आपसात फोन केला असता तर आमची एक फेरी वाचली असती.

जाणार असाल तर घरातल्या आजारी माणसाचा जनुक तपासणीचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. नेमका कोणता दोष शोधायचा ते त्यावरून ठरतं. आत्या-काकांची चौकशी आधीच करून ठेवा. मुलग्यांनाही न्या, त्यांचीही शक्यता निम्मीच. माझ्या मुलाची वेळ घेतली आहे. त्यालाही तोच फॉर्म आलाय, "पहिली पाळी कितव्या वर्षी" या रकान्यासकट.