बाळाची झोपायची पिशवी : चार महिने वापरून

लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला आले, तेव्हा बॅगेत लुगड्याची गोधडी, दुपटी, चार टोपडी आणि मोहरीची उशी होती. लेकीने यातलं काहीच पाळण्यात ठेवू दिलं नाही. नुसती कडक गादी, वर ताणून बसवलेली चादर. पांघरूण म्हणून ही चेनची पिशवी. मला फार लागलं होतं.

आता रोज रात्री मीच नातीला त्यात घालते. सुती कापड, हात मोकळे, पाय झाडायला ऐसपैस जागा. चेन खालूनही उघडते, म्हणून रात्री लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही. अठ्ठावीस डॉलर पडले. धुवून धुवून अजून मऊच आहे. गळ्याशी चेन झाकणारी पट्टी मात्र आखूड आहे, हनुवटीला टोचते. आणि वाढतं अंग म्हणून मोठं माप मुळीच घेऊ नका. आम्ही पहिली परत केली. गळा सैल असला की बाळ आत घसरतं, तोंड झाकलं जातं.

१९८१ साली माझ्या थोरल्या वहिनीचं तीन महिन्यांचं बाळ सकाळी उठलंच नाही. ताप नाही, खोकला नाही. ‘झोपेत अंगाखाली घेतलंस’ हे वहिनीने जन्मभर ऐकलं. इथल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं, याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात. दोन ते चार महिन्यांच्या बाळांना धोका सर्वांत जास्त, आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही. पालथं झोपवणं, मऊ अंथरूण, अति ऊब, विडी-सिगारेटचा धूर यांनी धोका वाढतो. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवा म्हणून मोहीम झाली. १९९० मध्ये लाख जन्मांमागे सुमारे १३० बाळं अशी जात, २०२० मध्ये ३८. काही फरक नोंदींच्या पद्धतीचाही आहे, पण वहिनीच्या वेळी हे कुणी सांगायला हवं होतं.

पिशवी घातली म्हणजे काळजी मिटली, असं नाही. तोंडावर येईल असं पांघरूण पाळण्यात राहत नाही, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. वजन भरलेल्या पिशव्याही विकायला असतात, त्या घेऊ नका. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. टोपडं घरात काढूनच ठेवते. पाळणा लेकीच्या पलंगाला लागून, पण वेगळा.

गोधडी दिवसा जमिनीवर अंथरते. नात जागी असली की तिला गोधडीवर पालथी टाकते आणि समोर बसून राहते. परवा तिने मान चांगली वर धरली.