गिटहब कोडस्पेसेस: आठ महिने वापरल्यावर

पर्वरीत आमचं चारजणांचं ऑफिस आहे. जूनमध्ये वाळपईहून एक मुलगी इंटर्न म्हणून आली. तिचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यात चालवणारं साधन), पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि कोड लिहायचा एडिटर एकदम चालू केले की माउससुद्धा हलेना. दोन दिवस नुसत्या सेटअपमध्ये गेले. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती जुळेना, ती जुळली तर डेटाबेस उठेना. शिकायला आलेल्या पोरीचा चेहरा पहिल्याच आठवड्यात उतरलेला बघून मला फार वाईट वाटलं. त्या शनिवारी बसून मी प्रकल्प कोडस्पेसेसवर हलवला, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आणि ब्राउझरमधून वापरता येणाऱ्या मशीनवर.

त्यासाठी रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, डेव्हकंटेनर डॉट जेसन ही फाइल लिहावी लागते. नोड कुठलं, एडिटरला कोणती एक्स्टेन्शन्स हवीत, कोणते पोर्ट उघडायचे, सगळं तिच्यात. डेटाबेससाठी शेजारी कंपोझ फाइल, म्हणजे कोणते कंटेनर एकत्र चालवायचे ते डॉकरला सांगणारी. सेटअपची मेहनत यात वाचत नाही, ती एकाने एकदाच करून ठेवायची असते. आमच्याकडे ही माहिती आधी माझ्या डोक्यात आणि व्हॉट्सअॅपच्या जुन्या मेसेजांत पडून होती.

सोमवारी तिने ब्राउझरमधून बटण दाबलं. मी खुर्चीमागे उभा. नोडची पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएमच्या ओळी सरकत राहिल्या, मग नमुना डेटा भरला गेला आणि अकरा मिनिटांनी ३००० पोर्टवर आमचं लॉगिनचं पान उघडलं. ‘दादा, चाललं!’ ती ओरडलीच. दुपारपर्यंत तिने पहिला बग सोडवला होता.

पण अकरा मिनिटं जास्तच. चूक माझी होती. पॅकेजेस बसवण्याचं काम मी डेव्हकंटेनर फाइलीतल्या पोस्टक्रिएटकमांड या आज्ञेत टाकलं होतं. प्रीबिल्ड (कोडस्पेस आधीच तयार करून ठेवण्याची सोय) सुरू केलं तरी ही आज्ञा त्यात चालत नाही, प्रत्येक नवा कोडस्पेस बनल्यावरच चालते. ते काम प्रीबिल्डमध्ये चालणाऱ्या अपडेटकंटेंटकमांडमध्ये हलवलं. आता मुख्य शाखेत कोड गेला की गिटहब अॅक्शन्स ही गिटहबची आपोआप कामं चालवणारी सोय मागच्या मागे सगळं तयार करून ठेवतं, आणि नवा कोडस्पेस मिनिटाच्या आत उघडतो. प्रीबिल्डच्या साठवणुकीचे पैसे पडतात, तरी माझ्या मते हे पहिल्या दिवशीच करावं. पासवर्ड आणि बाहेरच्या सेवांच्या गुप्त किल्ल्या मात्र फाइलीत लिहू नका. त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये सीक्रेट्सची सोय आहे.

पावसाळ्याची मला धास्ती होती. जुलैत एका दुपारी कोडच्या टेस्ट चालू असताना लाइट गेली, राउटर बंद. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परत जोडलो तर टेस्ट तिकडे चालूच होत्या. टर्मिनलवर काही छापलं जात असेल तर ती हालचाल धरली जाते आणि मशीन झोपत नाही. हॉटस्पॉटवर टर्मिनलमध्ये टायपिंग अडखळतं, एडिटरमध्ये तेवढं जाणवत नाही. रेंजच गेली तर काम थांबतं, त्याला उपाय नाही. म्हणून माझ्या स्वतःच्या मशीनवर डॉकर अजून ठेवलेलं आहे, आणि तीच डेव्हकंटेनर फाइल तिथेही चालते. मला या पद्धतीत सगळ्यात आवडलेली गोष्ट ती हीच.

पैशांचं आधी समजून घ्या. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास (प्रोसेसरचे कोअर गुणिले तास) आणि १५ जीबी-महिना (महिनाभर १५ जीबी) साठवण फुकट मिळते. २ कोअरच्या मशीनवर त्याचे ६० तास होतात, ४ कोअरवर ३०. पूर्णवेळ काम करणाऱ्याला ते पुरत नाहीत, आमच्याकडे वरचा खर्च ऑफिस भरतं. काही न करता ठेवलं तर मशीन ३० मिनिटांनी आपोआप थांबतं. मी ते १५ वर आणलं, कारण जेवायला उठल्यावर टॅब बंद करायची सवय कुणालाच नव्हती. थांबलेल्या मशीनचीही साठवण मोजली जाते, तेव्हा जुने कोडस्पेस वेळच्या वेळी काढून टाकावेत.

चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) मात्र मी सगळ्यांना सांगून कोड पुश करून, म्हणजे गिटहबवरच्या रिपॉझिटरीत पाठवून घेतला. न वापरलेला कोडस्पेस ३० दिवसांनी पुसला जातो, आणि चवथीला घरी गेलेला माणूस कधी परतेल हे गोव्यात कोण सांगणार? शिवाय वर्कस्पेसेस फोल्डरबाहेर ठेवलेल्या फायली कंटेनर नव्याने बांधताना जातात. माझी एक स्क्रिप्ट अशीच गेली, तेव्हापासून कामाचं सगळं रिपॉझिटरीतच ठेवतो.

आता आमचा जुना पीएचपी प्रकल्प बाकी आहे. त्याची डेव्हकंटेनर फाइल ती वाळपईची मुलगीच लिहिते आहे.