पहिलं बर्फाचं शिखर: दोन दिवसांची चढाई की सहा दिवसांचा कोर्स?

गाइडसोबत पहिल्यांदा बर्फाचा डोंगर चढायचा तर साधारण दोन पर्याय समोर येतात. एक, दोन दिवसांची चढाई: पहिल्या दिवशी वरच्या मुक्कामापर्यंत चाल, तास-दोन तास क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रुतवायची छोटी कुदळ) यांची ओळख, मध्यरात्रीनंतर निघून शिखर आणि त्याच दिवशी खाली. दुसरा, सहा दिवसांचा कोर्स: तीन-चार दिवस उतारावर सराव आणि शेवटी शिखर.

खरा फरक पडतो तो घसरल्यावर. घसरणारं शरीर थांबवायचं तर छाती अ‍ॅक्सवर दाबून तिचं टोक बर्फात रुतवावं लागतं. पायात क्रॅम्पॉन असतील तर गुडघे वाकवून पाय वर धरायचे. दाते बर्फात अडकले तर माणूस कोलांटी खातो. तासाभरात हे पोटावर, पाय खाली असताना जमतं. पण प्रत्यक्षात माणूस पाठीवर किंवा डोकं खाली करूनही घसरतो, आणि त्या स्थितीतून वळणं अंगवळणी पडायला दिवस जातात. म्हणजे दोन दिवसांच्या चढाईत तुम्हाला वाचवतो तो मुख्यतः गाइडचा दोर. म्हणून एका गाइडमागे किती जण, हे आधी विचारा. सपाट हिमनदीवर एका दोरावर चार-पाच जण चालतात. तीव्र, अरुंद धारेवर एका गाइडमागे दोघांपेक्षा जास्त नकोत.

उंचीचा हिशोबही कोर्सच्या बाजूने जातो. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. छोट्या चढाईत तो बऱ्याचदा मोडतो. त्याच दिवशी खाली येतो म्हणून निभावतं, इतकंच. आल्प्समधलं ब्राइटहॉर्न बघा. केबल कार 3883 मीटरवर सोडते, शिखर 4164 मीटरवर. कागदावर किरकोळ वाटणारा हा चढ सकाळी दरीतून थेट वर आलेल्याला चांगलाच धाप लावतो. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही; तोल जाऊ लागला तर ताबडतोब उतरायचं.

हवामान बिघडलं तर? दोन दिवसांत राखीव दिवस नसतो, शिखर हुकलं की हुकलं. कोर्समध्ये एखादा दिवस इकडेतिकडे करता येतो, आणि शिखर नाही झालं तरी शिकलेलं हातात राहतं. उशीर मात्र दोन्हीकडे महागात पडतो. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, हिमभेगांवरचे (हिमनदीतल्या खोल चिरांवरचे) बर्फाचे पूल कमकुवत होतात, क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे धरतात. गोळे अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटावर ठोकून पाडावे लागतात, तेही दमलेल्या पायांनी उतरताना. म्हणून गाइड परतीची वेळ ठरवून देतो. तिथे हुज्जत घालू नये.

सामानात बूट निर्णायक. भाड्याचे असतील तर जाड मोजे घालून उतारावर चालून बघा: उतरताना बोटं पुढे टेकता कामा नयेत, चढताना टाच उचलता कामा नये. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटाला क्लिपचे क्रॅम्पॉन बसत नाहीत, पट्ट्यांचेच घ्या. कोर्समध्ये चुकीचा बूट दुसऱ्या दिवशी बदलता येतो. छोट्या चढाईत फोड आला की तिथेच खेळ संपला.

तरीही कोर्स सगळ्यांसाठी नाही. पाठीवर तंबू-दोरासह 15 किलोच्या वर ओझं येतं आणि रोज तेच ते घसरणं-उठणं कंटाळवाणं असतं. थंडीत मध्यरात्री उठून चालणं आपल्याला झेपतं का, एवढंच बघायचं असेल तर छोटी चढाई पुरे. पण 8-10 किलो घेऊन 1000 मीटर चढून त्याच दिवशी उतरण्याची सवय आधीच हवी. पुढेही बर्फात जायचं पक्कं असेल तर थेट कोर्सच करा.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न मात्र दोन्हीकडे विचारा: एकजण थकला तर त्याला खाली कोण नेणार? गाइड एकच असेल तर थकलेल्यासोबत दोरावरच्या सगळ्यांनाच परत फिरावं लागतं.