व्हीलचेअरवरून अनुभवलेली अपार्टमेंट इमारत

अमेरिकेतील या नव्या, लिफ्ट असलेल्या इमारतीत आम्ही वर्षभरापूर्वी भाड्याने राहायला आलो, ते आईची व्हीलचेअर डोळ्यांसमोर ठेवूनच. तिथल्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार १३ मार्च १९९१ नंतर प्रथमच वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरांच्या इमारतीत लिफ्ट असेल तर सगळी घरे, आणि नसेल तर तळमजल्यावरची घरे, अपंग व्यक्तीला वावरता येतील अशी बांधावी लागतात.

घरात हे नियम मनापासून पाळलेले दिसतात. दिव्यांची बटणे खुर्चीत बसून सहज हाताला येतात आणि खोल्यांची दारे पुरेशी रुंद आहेत. न्हाणीघराचे काम तर मला सर्वांत आवडले: आधाराची दांडी बसवता यावी म्हणून टाइलमागे लाकडी फळ्या आधीच ठोकलेल्या होत्या, त्यामुळे फरशी न फोडता कारागिराने ती तासाभरात बसवली, आणि आईने तिच्यावर प्रथमच पूर्ण भार टाकला तेव्हा ती जराही हलली नाही.

सामायिक जागांबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. कचराखोलीचे दार इतके जड आहे की आईला ते एका हाताने ढकलून दुसऱ्या हाताने चाक फिरवता येत नाही. दार आपोआप बंद करणारा क्लोजर सैल करावा, एवढीच विनंती मी व्यवस्थापनाला तीनदा लेखी केली असून अद्याप कोणी फिरकलेले नाही. घर पाहायला येणाऱ्यांनी सदनिकेसोबत हे दारही स्वतः उघडून पाहावे.